डब्लिनच्या वॉर्डात ‘गिव्ह आउट’ म्हणजे वाटप नव्हे

ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांची ती इंग्रजीची परीक्षा, पास झालीस, अभिनंदन गं! तू विचारलंस, “ताई, परीक्षेचं इंग्रजी येतं, पण डब्लिनच्या वॉर्डातलं बोलणं कळेल ना?” बरंचसं कळेल. ‘गिव्ह आउट’ मात्र निघण्याआधीच पक्कं करून ये. मी त्यावरच आपटले होते.

पहिला आठवडा, सकाळची ड्यूटी. कोपऱ्यातल्या बेडवरचे आजोबा म्हणाले, “द नाइट नर्स वॉज गिव्हिंग आउट टू मी अबाउट द टॅबलेट्स.” मी समजले, रात्रीच्या गोळ्या दिल्या. चार्टवर सहीच्या जागी नुसता एक आकडा. हा नकाराचा कोड असतो, हे तेव्हा मला कुठे माहीत! पण आमच्या सांगलीच्या ट्यूटरबाईंनी अंगात मुरवलेलं, की सही नाही तर गोळी दिली असं धरायचं नाही. म्हणून विचारलं. तर आजोबांनी गोळ्या घ्यायला साफ नकार दिलेला, आणि त्यावरून सिस्टरने त्यांना झापलेलं!

आयर्लंडमध्ये गिव्ह आउट म्हणजे रागावणं, बोल लावणं. आपण नाही का केरही झाडतो आणि माणसालाही झाडतो, तसंच. ज्या वस्तूचं वाटप झालं ती वाक्यात असेल, म्हणजे ‘गिव्हिंग आउट द मेन्यूज’, तर सरळ वाटप. वस्तू नाही, नुसतंच ‘टू मी’ किंवा ‘अबाउट द फूड’, तर बोलणी नाहीतर कुरकुर. शेवटी ‘यार्ड्स’ जोडलं तर चांगली खरडपट्टी निघालेली असते. आणि ‘हिज नीज गेव्ह आउट’ म्हणजे गुडघ्यांनी दगा दिला. हे ऐकलंस की पेशंट पडला का, लागलं का, ते आधी बघ.

आयरिश भाषेत ‘देणे’ आणि ‘बाहेर’ मिळून हाच रागावण्याचा अर्थ होतो, तोच इथल्या इंग्रजीत उतरला म्हणतात. माझ्या लंडनच्या नणंदेला हा अर्थ ठाऊकच नव्हता, तेव्हा तुझ्या ओईटीच्या पुस्तकात तो सापडला नाही तर नवल नाही.

उद्या हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सांगतात तेव्हा, कोणी म्हणालं, चार नंबरच्या बेडवरची मुलगी काल गिव्हिंग आउट करत होती, तर पेढ्यांचा डबा शोधत बसू नकोस. तिची काहीतरी तक्रार आहे, आधी तिला जाऊन भेट.