श्रेष्ठ रॉक अल्बम: आधी साइड बी ऐक

हॉस्टेलवर वाद पेटलाय, दोन मित्रांच्या दोन याद्या आहेत आणि सर्वकालीन श्रेष्ठ क्लासिक रॉक अल्बम कोणते ते एकदाचं नक्की करून द्या, असं तू विचारलंयस. देतो. पण आधी याद्यांचं तेवढं मनावर घेऊ नकोस. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ साली बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' पहिल्या नंबरावर बसवला होता, २०२० च्या यादीत तोच २४ वा. १९६७ च्या त्या रेकॉर्डमधला एक सूरही मधल्या काळात हलला नव्हता, मतं देणारी माणसं बदलली. 'क्लासिक रॉक' ही पाटीही वाजवणाऱ्यांनी लावलेली नाही, ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या एफएम स्टेशनांनी लावली.

माझी कसोटी साधी आहे: साइड बी. हे सगळे अल्बम एलपीसाठी, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या मोठ्या तबकडीसाठी बांधलेले; पहिली बाजू साइड ए, दुसरी साइड बी. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, त्याहून जास्त भरलं तर खाचा अरुंद होतात आणि आवाज पडतो. खाच तबकडीच्या कडेला असते तेव्हा आवाज सगळ्यात खणखणीत, मध्याकडे जाताना तो दबत जातो. त्यामुळे कुठलं गाणं कुठे ठेवायचं हा तेव्हा डोकं खाजवायचा विषय होता. साइड ए वर हिट गाणी सगळेच लावतात. माणूस उठून, तबकडी उलटून पुन्हा बसतो तेव्हा त्याला काय मिळतं, ते मी बघतो.

हे मला फार उशिरा कळलं. नव्वदच्या सुमारास दादरला एक रेकॉर्डिंगवाला होता, तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर दोन अल्बम भरून द्यायचा. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' त्रेचाळीस मिनिटांचा, एका बाजूत बरोब्बर बसायचा. साइड ए च्या शेवटी 'द ग्रेट गिग इन द स्काय' या मृत्यूवरच्या गाण्यात एका बाईचा टाहो आहे, तो संपतो न संपतो तोच 'मनी'च्या सुरुवातीची गल्ल्याची खणखण. मला वाटायचं, हे असंच आहे. पुढे एका मित्राच्या काकांकडे एलपी ऐकली. टाहो विरला, सुई नुसती खरखरत राहिली, काका सावकाश उठले, फडकं फिरवलं, तबकडी उलटली, आणि मग 'मनी'ची नाणी वाजली. मधल्या त्या अर्ध्या मिनिटाने मृत्यूचं गाणं आणि पैशाचं गाणं वेगळं केलं. आमच्या रेकॉर्डिंगवाल्याने ते अर्धं मिनिट खाल्लं होतं.

ती टाहो फोडणारी क्लेअर टोरी. एका रविवारी सेशनसाठी आली आणि ३० पौंड घेऊन घरी गेली. २००४ मध्ये कोर्टात गेल्यावर, पुढच्या वर्षी तडजोड होऊन, तिचं नाव रचनाकारांत लागलं. आणि 'मनी'वर टाळी देऊन बघ. सात मात्रा आहेत. रूपक ताल म्हणणार नाही, पण आपल्याकडच्या माणसाला ते लगेच मानवतं. गिटारचा सोलो आला की गुपचूप चार मात्रांत जातात, तेव्हा मी अजूनही चुकतो.

तरी माझा पहिला नंबर हा नाही. द हू या बँडचा 'हूज नेक्स्ट', १९७१. त्यांचा गिटारवादक पीट टाउनशेंड याला 'लाइफहाउस' नावाचं काहीतरी अवाढव्य करायचं होतं, सिनेमा आणि मैफल एकत्र. कुणालाच ते नीट समजेना, तो खचला, बेत बारगळला, आणि उरलेल्या गाण्यांतून हा अल्बम झाला. पहिलंच गाणं 'बाबा ओ'रायली'. यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, जन्म पुण्याचा, समाधी नगरजवळ मेहेराबादला. टाउनशेंड त्यांचा भक्त. आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, किराना घराण्याच्या पं. प्राणनाथांचा शिष्य. म्हणजे ज्या गाण्यावर लंडनची पोरं उड्या मारत होती, त्याच्या नावातच नगर आणि किराना! सुरुवातीची ती गरगर ऑर्गनची आहे, शेवटी व्हायोलिन येतं. पण मी आपल्या कसोटीवर जातो: साइड बी वर 'बिहाइंड ब्लू आइज' आणि शेवटी साडेआठ मिनिटांचं 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'. त्यातली गायक डॉल्ट्रीची किंकाळी माझ्या मते रॉकमधली सर्वोत्तम.

फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' (१९७७) पॉप आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांना साइड बी लावून दे, 'द चेन'पासून. बँडमधली दोन जोडपी तेव्हा फुटत होती आणि एकमेकांवर लिहिलेल्या गाण्यांत एकमेकांनाच साथ देत होती. टेप इतक्या वेळा फिरवली की ती झिजून ड्रमचा आवाज बोथट झाला, शेवटी राखीव टेपशी हाताने मेळ घालून काम निभावलं.

माझ्या यादीत डीप पर्पलचा 'मशीन हेड' (१९७२) चौथा. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोला आग लागली, मग बंद हॉटेलच्या बोळात गाद्या लावून रेकॉर्डिंग, ती कथा 'स्मोक ऑन द वॉटर'मध्येच आहे. सगळे तेवढंच वाजवतात. त्याच बाजूवरचं 'लेझी' ऐक.

ईगल्सचा 'हॉटेल कॅलिफोर्निया' मी घेत नाही. शिव्या खाईन, पण साइड बी मध्यात ढेपाळते, 'द लास्ट रिसॉर्ट' येऊन कशीबशी सावरते. क्वीनच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'लाही फ्रेडी पाचगणीला शिकला म्हणून मत द्यायचं नाही. मला तो सुंदर तुकड्यांचा अल्बम वाटतो, सलग नाही. 'सार्जंट पेपर्स' पहिल्या दहात नक्की, पाचात नाही.

मग क्रम असा: 'हूज नेक्स्ट', 'डार्क साइड', 'रूमर्स', 'मशीन हेड' आणि पाचवा लेड झेपलिनचा बिननावाचा चौथा अल्बम, १९७१. 'स्टेअरवे टू हेवन'ने साइड ए संपते आणि बहुतेकांचं ऐकणंही तिथेच संपतं. उलट ती बाजू. 'फोर स्टिक्स' आहे, ज्यात ड्रमर बॉनम दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवतो. हेच गाणं बँडचा गिटारवादक पेज आणि गायक प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन रेकॉर्ड केलं होतं, बाहेर आलं २०१५ मध्ये. आणि शेवटी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत ड्रम खाली जिन्याच्या पायथ्याशी ठेवले आणि दोन माइक वर जिन्यात टांगले. तो घुमारा त्या जिन्याचा. हेडफोनवर ऐकू नकोस. तुमच्या हॉस्टेलला दगडी जिना असेल तर स्पीकर तळमजल्यावर ठेव आणि तू दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभा राहा. रेक्टर गावाला गेले असतील त्या दिवशी.