लेगोच्या माणसाचा पोशाख: पुठ्ठ्याचं डोकं चेपतं आणि आतून दिसत नाही, काय करावं?

तुम्ही विचारलंय की फोंड्याला शिगमोत्सवातल्या वेशभूषेसाठी १३६ सेंमी उंचीच्या मुलीला लेगोचा माणूस (लेगो ठोकळ्यांच्या खेळातला छोटा प्लास्टिकचा बाहुला) करायचं आहे, पुठ्ठ्याचं डोकं दोनदा केलं, दोन्ही वेळा चेपलं, आणि आत घातलं की तिला काही दिसत नाही.

डोकं पुठ्ठ्याचं करूच नका. सपाट भाग असेल तिथे पुठ्ठा, गोल असेल तिथे फोम.

माप खेळण्यावरूनच घ्या. तो माणूस सुमारे ४ सेंमी उंच आणि कमरेला १६ मिमी रुंद असतो. तुमच्या मुलीला तो ३४ पट करावा लागेल: कमरेला रुंदी ५४ सेंमी, धडाची जाडी २७, डोक्याचा व्यास ३४. धड वर निमुळतं होतं, तिथे रुंदी ४० ठेवा. पाय काही मापात बसणार नाहीत, कारण खेळण्याचे आखूड आणि मुलीचे लांब. म्हणून धडाची खालची कड कमरेशी न थांबवता मांडीच्या वरच्या भागापर्यंत आणा.

डोक्याला १० मिमीचा ईव्हीए फोम लागेल. सोफ्याच्या कुशनचा पिवळसर स्पंज नव्हे, तो लगेच दबतो. लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवून अंथरतात त्या चटया ईव्हीएच्याच असतात. ६० सेंमीच्या दोन पुरतात. एका चटईतून ३० सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात, त्या जोडून नळी करायची. खरबरीत बाजू आत.

इथे सगळे एकच चूक करतात. ३४ व्यास म्हणून १०७ सेंमी लांबी कापतात आणि डोकं मोठं होतं. फोम वळवला की बाहेरून ताणला जातो, आतून दबतो, त्यामुळे मधल्या रेषेचा व्यास धरायचा: ३३ गुणिले ३.१४, म्हणजे १०४ सेंमी. वरची चकती ३२ सेंमीची कापून नळीच्या आत बसवा. नळीवर टेकवून चिकटवलीत तर मिरवणुकीच्या मध्यावर कड उचलते.

जोडाला फेविकॉल एसआर ९९८ किंवा तसलंच रबरी चिकटद्रव्य. दोन्ही कडांना पातळ हात द्या आणि थांबा. बोट लावल्यावर चिकटून धागा निघत नाही, तेव्हाच कडा दाबा. दहा-पंधरा मिनिटं लागतात, आपल्या दमट हवेत जास्त. घाई केली तर आतला द्राव अडकतो आणि जोड रबरासारखा सरकत राहतो. हे थर्मोकोलला लावू नका, ते विरघळतं. ग्लू गन पुठ्ठ्याला ठीक. पण तिचा जोड मार्चच्या उन्हात बंद गाडीत ठेवलात तर सुटेल.

आता दिसण्याचं. मुलीचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर येतात, खेळण्याचे डोळे त्याहून जरा वर आणि हसू खाली. म्हणून आत जुनं सायकल हेल्मेट बसवा आणि त्यावर फोमचे तुकडे लावून अख्खं डोकं ३-४ सेंमी वर उचला, की तिची नजर बरोबर हसण्याच्या रेषेतून जाते. तिथे १६ सेंमी लांब, ३ सेंमी उंच फट कापून मागून काळी जाळी ताणून लावा. बाहेरून ती रंगवलेली रेषच वाटते. डोळे मात्र नुसते रंगवा. डोक्याची आतली बाजू काळी केली नाहीत तर उजेडात मुलीचा चेहरा जाळीतून दिसेल आणि सगळी मजा जाईल.

डोक्यावरची गुंडी, म्हणजे माथ्यावरचा छोटा गोल उंचवटा, पोकळ ठेवा आणि तिच्याखाली चकतीला भोकं पाडा, गरम हवा तिथून निघते. खऱ्या खेळण्यातल्या गुंडीलाही भोकं असतात, कुणी गिळलं तर हवा जावी म्हणून. वर ५ व्होल्टचा छोटा पंखा, पॉवर बँक धडाच्या आत.

रंगापूर्वी फोमवर हीट गन फिरवा, पृष्ठभाग जरा चकाकला की पुढे सरका. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही. काम मोकळ्या हवेत करा. मग पाणी घातलेल्या साध्या पांढऱ्या फेविकॉलचे तीन हात, त्यावर पांढरा, त्यावर पिवळा ॲक्रिलिक. पिवळा अर्धपारदर्शक असतो. पांढरा वगळलात तर हळद लागलेल्या गोणपाटासारखं दिसेल. ऑइल पेंट नको, फोम वाकला की तडकतो.

धडाला फ्रीजच्या खोक्याचा पाच पदरी पुठ्ठा घ्या, आतल्या नळ्या उभ्या येतील असा. आडव्या आल्या तर पोटात घडी पडते. आतून-बाहेरून दोन्हीकडे रंग द्या. एकच बाजू रंगवली की पुठ्ठा वाकतो आणि कोरी बाजू सर्दावते. खांद्याचे पट्टे चिकटवू नका, मोठा वॉशर घालून नट-बोल्टने बसवा, नाहीतर पुठ्ठ्याचा वरचा कागदच सोलून निघतो. हातांची भोकं १६ सेंमीची, कडेला फोम.

इंग्रजी सी अक्षरासारखे पंजे फोमचेच, आत धरायला दांडी, आणि मनगटाला वेल्क्रो, कारण पाणी प्यायला ते काढावे लागतील. पायांना फक्त पुढची फोमची फळी, गुडघ्याशी आडवी कापलेली, मागे इलॅस्टिक.

या पोशाखात मुलीला स्वतःची पावलं दिसत नाहीत. मिरवणुकीत शेजारी एक मोठं माणूस हवंच, आणि स्टेजच्या पायऱ्या चढताना डोकं काढून हातात घ्यायला सांगा. वर गेल्यावर घालायला दहा सेकंद पुरतात.