सगळ्यांच्याच बाजू पटतात, मग माझं मत गेलं कुठे?

"नीतिशास्त्र शिकायला लागल्यापासून मला कशाबद्दलच ठाम बोलता येईनासं झालंय." उपयोजित नीतिशास्त्राचे विद्यार्थी ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, बहुधा पहिलं सत्र संपता संपता. डॉक्टर, अभियंते, अधिकारी, पत्रकार यांच्या कामातले पेच सोडवायला शिकू म्हणून त्यांनी प्रवेश घेतलेला असतो. मग उपयोगितावाद (जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल ते योग्य) वाचला की तो पटतो, कांट हा तत्त्वज्ञ (परिणाम काहीही होवो, कर्तव्य ते कर्तव्य) वाचला की कांट पटतो. जोडीला दुसरी काळजी असतेच: असल्या गोंधळलेल्या माणसाला नोकरी कोण देणार?

अशाच एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. काही वर्षं एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात काम करून, नोकरी सोडून ती या अभ्यासक्रमाला आली होती. "मॅडम, मी आधी बरी होते," ती म्हणाली. "चूक ती चूक म्हणायचे. आता कुणी काहीही केलं तरी मला त्याची कारणं दिसतात."

मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी येताना तू लिहिलेलं काहीतरी घेऊन ये. अभ्यासाबद्दल तासभर बोलण्यापेक्षा विद्यार्थ्याच्या हातचं एक पान जास्त सांगतं.

तिने आणला तो 'चॅलेंजर'वरचा निबंध. या अभ्यासक्रमात हे प्रकरण हमखास असतं. २८ जानेवारी १९८६ रोजी हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री फोनवर लांबलचक बैठक झाली होती. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी सांगत होते की इतक्या थंडीत सांध्यांमधली रबरी कडी नीट बसणार नाहीत. साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण नको. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. कंपनीच्या वरिष्ठांनी फोन बाजूला ठेवून आपापसात चर्चा केली, अभियांत्रिकी प्रमुखाला आता व्यवस्थापक म्हणून विचार करायला सांगितलं, आणि शिफारस फिरवली.

निबंध चांगला होता, माहिती चोख. पण जवळजवळ प्रत्येक परिच्छेद एकाच शब्दावर येऊन थांबत होता. अभियंत्यांकडे पुरेसे आकडे नव्हते, हे समजण्यासारखं आहे. वेळापत्रकाचा ताण समजण्यासारखा आहे. नासासारखं मोठं गिऱ्हाईक दुखवायचं नव्हतं, तेही समजण्यासारखं आहे. मी पेन्सिलने तो शब्द अधोरेखित करत गेले आणि पान तिच्यापुढे सरकवलं.

"यात कुणाचं समजून घ्यायचं राहिलं?"

ती बघत राहिली. "अंतराळवीरांचं."

"त्यांना काय सांगितलं होतं?"

"रात्रीच्या या वादाचं काहीच नाही." आणि मग ती थांबेना. "शिवाय त्या रात्री प्रश्नच उलटा केला होता, मॅडम. नेहमी विचारायचे, सुरक्षित आहे हे दाखवा. त्या रात्री म्हणाले, असुरक्षित आहे हे सिद्ध करा. अर्धवट आकड्यांवर ते सिद्ध होणारच नव्हतं."

मत हरवलेलं माणूस असं बोलत नाही. मी विचारलं, हे निबंधात का नाही? बराच वेळ ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"मग माझ्याबद्दलही तसंच लिहावं लागलं असतं."

तिच्या जुन्या नोकरीत एका मालाची चाचणी काठावर आली होती. पुन्हा तपासू या, असं ती म्हणाली. वरिष्ठ म्हणाले, सही कर, पुढच्या टप्प्यावर बघतीलच. तिने सही केली. पुढे कुणाला इजा झाल्याचं तिच्या कानावर आलं नाही, पण ती सही मनातून जाईना. नोकरी सोडण्यामागे आणि हा विषय घेण्यामागेही तीच होती. तिला निवाडा हवा होता. आणि तो मिळेल अशी चिन्हं दिसताच तिचा हात आखडत होता.

हे मी अनेकांत पाहिलंय, म्हणूनच लिहिते आहे. 'सगळंच पटतं' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचा गोंधळ पुष्कळदा कांट आणि उपयोगितावादी मिल यांच्यात नसतोच. स्वतःचा एखादा जुना निर्णय असतो आणि त्याच्याभोवती कुंपण घालायचं असतं. योग्य काय ते कळतं, पण संस्थेची रचना ते करू देत नाही, या कोंडीला नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात नैतिक क्लेश म्हटलं. ती कोंडी वर्गात सुटत नाही, तिथे फक्त उघडी पडते.

"तुझा काही दोष नाही," हे ऐकायला ती आसुसली होती. मी ते म्हटलं नाही. त्या दिवशी तुला नक्की काय माहीत होतं, काय करता येण्यासारखं होतं आणि तू काय केलंस, हे तीन रकान्यांत वेगवेगळं लिहायला लावलं. मधला रकाना तिला सर्वांत जड गेला. अभियंत्यांच्या आचारसंहितांमध्ये लोकांची सुरक्षितता सर्वांत वर असते. ते कलम तिने परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता तिच्या लक्षात आलं की त्याचा आधार घेऊन 'फेरचाचणीची शिफारस करते' एवढी ओळ सहीखाली लिहिता आली असती. तिचा वाटा खरा होता, पण सगळा भार तिचा नव्हता.

एक गोष्ट मात्र मी वेगळी काढली. बारीकसारीक गोष्टींवरही ती चारचार जणांना "हे बरोबर ना?" असं विचारायला लागली होती, झोप उडाली होती. हा भाग चिंतेचा. चिंतेला शंभर टक्के खात्री हवी असते आणि ती कुठल्याच ग्रंथात मिळत नाही. त्यावर स्वतंत्र उपचार लागतात, ते आम्ही समांतर केले. (रुळांवरच्या ट्रॉलीचं कोडं, म्हणजे पाच जणांना वाचवायला गाडी एकाच्या अंगावर वळवावी का, अशा मुलांना फार छळतं. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलं तेव्हा ते विचार तपासण्याचं साधन होतं. प्रत्यक्ष कामात मात्र बहुतेक वेळा कुणाला तरी फोन करायला, उद्यापर्यंत थांबायला वाव असतो.)

आता नोकरीचं. केवळ 'नीतितज्ज्ञ' या नावाच्या जागा थोड्या, हे मी कुणापासून लपवत नाही. पण काम आहे. अमेरिकेत टस्किगी इथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं उपचारांविना नुसतं निरखलं गेलं. ते उघड झाल्यावर माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा १९७९ चा बेलमाँट अहवाल आला आणि संशोधनाची नैतिक छाननी जास्त पक्की झाली. आज संशोधन छाननी समित्यांची कार्यालयं, रुग्णालयं, नियमपालन विभाग, विदा (डेटा) आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं नियमन अशा ठिकाणी ही माणसं लागतात. माझं निरीक्षण असं की हातात आधीचा एखादा व्यवसाय असेल तर या पदवीला वजन येतं. प्रवेशाआधी एवढं विचारावं: प्रकरणाच्या शेवटी विद्यार्थ्याला निर्णय लिहायला लावतात का, की उंटावरून शेळ्या हाकून तास संपतो?

त्या मुलीच्या मार्गदर्शकांनी तिला तो लिहायला लावला. तिने प्रबंधिकेला विषय घेतला तो बैठकीच्या इतिवृत्तातून विरोधी तांत्रिक मत कसं गळतं हा. पहिला मसुदा परत आला, शिफारस नाही म्हणून. मग तिने लिहिली: निर्णय फिरला तर कोणत्या नव्या माहितीमुळे फिरला ते त्याच पानावर नोंदवावं, नवी माहिती नसेल तर तसंही नोंदवावं. सध्या ती पुन्हा गुणवत्ता विभागांतच अर्ज करते आहे. मुलाखतीत तीच त्यांना विचारते, तुमच्याकडे ही नोंद कोण ठेवतं? एका ठिकाणी त्यावर पॅनल गप्प झालं. तिथे तिने पुढच्या फेरीला नकार कळवला.