'ग्रे' पात्राला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ऐतिहासिक फँटसी कादंबरी वाचून संपवली, लई आवडली, त्यातला किल्लेदार गडाचा चोरदरवाजा शत्रूला उघडून देतो पण ते पायथ्याचं गाव जळू नये म्हणून, तर अशा धड चांगल्या ना धड वाईट माणसाला, म्हणजे इंग्रजीतल्या 'ग्रे' पात्राला, 'करडं पात्र' लिहिलं तर चालेल का.

चालवलं तर चालेल, पण मला खटकतं. करडा हा रंग आहेच, पण माणसाला लावला की करडी नजर, करडी शिस्त आठवते, वाचणाऱ्याला वाटणार किल्लेदार लई कडक होता. बेरकी म्हटलं तर त्यानं स्वतःचा फायदा बघितला असं होतं. आतल्या गाठीचा म्हणजे मनातलं कळू न देणारा, पापपुण्याचा तिथं संबंधच नाही. आणि फितूर हा तर गडकिल्ल्यांच्या गोष्टीतला हुकमी शब्द, एकदा लावला की निकालच लागला, पुढचं ऐकायला कोण थांबतंय! (आपल्या बेळगाव-खानापूर भागाला गडकिल्ल्यांच्या गोष्टींचा हा नाद जुनाच, 1871 ची 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात, ती लिहिणारे गुंजीकर इथल्या जांबोटीचेच.)

मी तर म्हणतो विशेषण शोधूच नका, क्रियापद बघा. 'त्याला वाईट म्हणता येत नाही' यात पुरावा कमी पडतो. 'त्याला वाईट म्हणवत नाही' यात पुरावा समोर असतो, दरवाजा यानंच उघडलाय हे पक्कं माहीत असतं, तरी जीभ रेटत नाही. जेववत नाही, बघवत नाही, त्यातलंच हे शक्यार्थक रूप, म्हणजे एखादी गोष्ट करणं जमतं की नाही ते सांगणारं, खानापूरकडं तर 'बघवंना गा मला' हे रोजचंच. तुम्ही सांगितलेला कादंबरीतला तो गड राखणारा देवचार, म्हणजे राखणदार भूत, किल्लेदारासमोर उभा राहून गप्प होतो ना, तिथं 'देवचाराला शाप देववेना' एवढं लिहिलं तरी पुरे.

फक्त 'मला त्याला वाईट म्हणवत नाही' असं लिहू नका, दोन 'ला' एकमेकांच्या पायात येतात, तिथं 'माझ्याच्यानं' घ्या. आणि हे रूप 'नाही'शिवाय फारसं येत नाही, आलं तर बहुतेक प्रश्नात. त्या धाकट्या राणीबद्दल, जी सख्ख्या भावाला विष घालते, तिच्यासाठी 'हिला हे करवलं तरी कसं?' लिहा, मला तरी तिची काडीची दया आली नाही.