बॅटरी घेण्याआधी मोजून घ्या

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून त्याची जुनी पल्सर घरी उभी आहे. मी कधीमधी सियागंजपर्यंत नेतो, तेवढीच. हल्ली सेल्फचं बटण दाबलं की नुसतं कट-कट वाजतं, किकने मात्र सुरू होते. बॅटरीवर 12 व्होल्ट, 9 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिहिलंय. तिला तीन वर्षं झाली. एक दुकानदार म्हणतो, 14 एएचची घ्या, ताकद वाढेल. दुसरा बिलाशिवाय स्वस्तात देतोय. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : काका, सध्या दोघांचंही ऐकू नका. आमच्या रामबागेतल्या दुकानात 'नवी बॅटरी टाका' म्हणत आलेल्या बऱ्याच गाड्यांना फक्त चार्जिंग हवं असतं. लोकांचे पैसे असे वाया गेलेले मला बघवत नाहीत.

उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. तशीच महिनोन्महिने राहिली की प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर घट्ट बसतो आणि ती चार्ज घेईनाशी होते. म्हणून आधी सावकाश चार्ज करून घ्या : 9 एएचला 0.9 अँपिअर, रात्रभर. तासाभरात फुल करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. चार्जर काढल्यावर चार-पाच तास थांबून मीटर लावा. 12.6 व्होल्ट किंवा वर दाखवलं तर बॅटरीत जीव आहे. 10.5 च्या आसपास अडकलं तर एक सेल गेला. आत 2.1 व्होल्टचे सहा सेल असतात. एक बसला की आकडा तिथेच येतो. मग बदलायचीच.

गाडी चालू करून, थोडी रेस देऊनही मोजा. टर्मिनलवर साधारण 14 व्होल्ट यायला हवेत. 13 च्या वर चढत नसेल किंवा 15 ओलांडत असेल, तर आर.आर. युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरीचं चार्जिंग आवाक्यात ठेवणारा भाग) नाहीतर वायरिंग तपासा. तो दोष ठेवून नवी बॅटरी बसवली तर तीही तशीच मरेल.

14 एएचची बॅटरी अजिबात नको. सेल्फची मोटर तिला लागतो तेवढाच करंट ओढते. मोठी बॅटरी त्या खोक्यात बसत नाही, मग पत्रा कापतात, पट्टा लागत नाही, बॅटरी हादरत राहते. शिवाय तुमच्या छोट्या फेऱ्यांत ती कधी पूर्ण भरणारच नाही. 9 चीच घ्या. लांबी-रुंदी-उंची जुनीसारखी, प्लस टर्मिनलही त्याच बाजूला.

बिल नसेल तर वॉरंटीही विसरा. उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. सीलबंद बॅटरी दुकानात पडूनही उतरते. सहा महिन्यांहून जुनी मी तरी घेत नाही. अ‍ॅसिडवाली घेतलीत तर समोर उभं राहून भरून घ्या, आणि तिची रबरी नळी कुठे न चिमटता खालपर्यंत सोडलीय ना, ते वाकून बघा. नळी चिमटल्यामुळे गळलेल्या अ‍ॅसिडने चेन आणि चेसिसचा रंग खाल्लेला मी पाहिलाय. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच द्या. आत शिसं असतं, त्याचे पैसे बिलातून कमी करून मिळतात.

बसवताना लाल वायर आधी, काळी नंतर, काढताना उलट. मुलगा येईपर्यंत गाडी उभीच राहणार असेल तर काळी वायर सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. आणि मे महिन्यात गाडी सावलीत लावा. इंदूरच्या उन्हाने बॅटरी आतून झिजते, पण ते कळतं डिसेंबरच्या थंडीत, सकाळी बटण दाबल्यावर.