बाबूजींचं लायसन संपलं, आता चाबी लपवायची काय?

प्रश्न : आमचे बाबूजी ६७ वर्षांचे. दारव्हा तालुक्यात गाव, वावर चार किलोमीटर, रोज मोटरसायकलनं जाणं-येणं. लायसन मार्चमधेच संपलं हे आम्हाला आत्ता दिवाळीत समजलं. गेल्या आठवड्यात सांजच्याला येताना कापसाच्या ट्रॉलीला मागून धडकता धडकता वाचले, घरी एक शब्द बोलले नाहीत, शेजारच्या पोट्ट्यानं सांगितलं. मोठा भाऊ म्हणते चाबीच लपवून ठेवू, आई म्हणते या वयात लायसन देतच नाही. काय करावं?

उत्तर : आईला सांगा, कायद्यात असं कुठंच नाही. घरच्या गाडीच्या लायसनला वयाची वरची हद्दच नाही, फक्त ५५ ओलांडले की ते एका टायमाला ५ वर्षांसाठीच मिळते, म्हणून ६२ ला काढलेलं ६७ ला संपलं आणि कोणाच्या ध्यानात राहिलं नाही, घरोघरी हेच होऊन राहिलं. पहिले संपल्यावर महिनाभर सूट असायची, २०१९ च्या दुरुस्तीत तीही गेली. म्हणजे बाबूजी आठ महिने बिनलायसन फिरून राहिले, पकडले तर ५००० दंड, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिले लायसनच मागते. संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर गाडी चालवून दाखवायची टेस्ट लागत नाही, मार्च उलटला तर लागते, म्हणून याच आठवड्यात सरकारच्या सारथी साइटवर अर्ज भरून टाका, अन् नवं लायसन हाती येईपर्यंत गाडी भावाला चालवू द्या.

चाळिशीच्या वर डॉक्टरचा फॉर्म १-अ लागते. न तपासता सही मारणारे डॉक्टर बी भेटतात, तिथं मुद्दाम जाऊ नका. त्या अर्जात एक साधी गोष्ट विचारली असते, दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का. हे अंगणातच करून पाहा, गाडी उभी करा, तीसेक पावलं मोजा, चष्मा लावून वाचायला सांगा, आणि हे नातवाला विचारायला लावा, पोरानं विचारलं की बाबूजींना इनसल्ट वाटते. रातांधळेपणा आहे का हे बी अर्जात विचारतात, तिथं लोक बिनधास्त ‘नाही’ लिहितात.

मला तर ट्रॉलीचीच गोष्ट जास्त खटकली. साठीनंतर डोळ्याची बाहुली अंधारात पहिल्यासारखी मोठी होत नाही, आत उजेड कमी जाते, त्यात समोरून जीपचा अप्पर आला की डोळे पुन्हा जागेवर यायला तरण्यापेक्षा जास्त वेळ लागते, आणि तेवढ्यात पुढं बिनरिफ्लेक्टरची, मागचा लाइट फुटलेली ट्रॉली, वर कापूस असा फुगलेला की रस्ताच झाकला. ट्रॉलीवाल्याची चूक आहेच हो, पण आदळणार कोण? रोही (नीलगाय) अन् रानडुकरं आडवी येतात ते तर वेगळंच. माझा स्वतःचा मोतीबिंदू पिकला तेव्हा दोन वर्षं मला वाटे की गावातले खांबावरचे लाइटच कमी पॉवरचे लावून राहिले. ऑपरेशन झालं तेव्हा समजलं की लाइट बरोबर होते.

तर चाबी लपवू नका, चाबी गेली की बाबूजी ओट्यावर बसतील अन् घरात रोज भांडण. अंधार तेवढा काढून घ्या. उजाडल्यावर जाणं, दिवेलागणीच्या पहिले घरी, उशीर झाला तर गाडी वावरातल्या कोठ्यात ठेवून कोणाच्या तरी मागं बसून यायचं. अन् डोळे तपासून घ्या, लायसनच्या पहिले. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर गरगरते का, झापड येते का, तेही डॉक्टरला विचारा.

प्रश्न : मी ७० चा. आपल्याकडं उन्हाळ्यात ४५ डिग्री, डोक्याला दुपट्टा बांधतो. हेल्मेटशिवाय चालते का?

उत्तर : नाही चालत काकाजी. दुपट्टा उन्हासाठी आहे, डांबरासाठी नाही. कायद्यात बिनहेल्मेटचा दंड १००० अन् वरून लायसन ३ महिने निलंबित होऊ शकते. मागं काकू बसल्या तर त्यांनाही पाहिजे. आतून सुती पातळ टोपी ओली करून घाला, जाड दुपट्ट्यावर हेल्मेट नको, ते हलते. आयएसआयचा मार्क पाहून घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा, नाहीतर पडताना पहिले हेल्मेटच उडून जाते.