टेकडीवरून खाली आलेलं शहर

प्रश्न: मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा सॉल्झबरी बघितलं. गाईड म्हणाला हे शहर आधी टेकडीवर होतं, चर्चसकट खाली आणलं. खरं का हे? की टूरिस्टला गुंडाळलं?

उत्तर: नाही हो काका, खरंय! जुनं गाव ओल्ड सेरम, दोनेक मैलांवर, आणि तिथे एकाच तटबंदीत राजाचा किल्ला पण आणि कॅथेड्रल पण, म्हणजे सैनिक आणि पाद्री यांची रोजची भांडणं, वर पाण्याची बोंब आणि वारा असा की काही विचारू नका. शेवटी बिशप रिचर्ड पूअर यांनी खाली नदीकाठच्या कुरणात १२२० ला नवीन कॅथेड्रलचा पाया घातला, ३८ वर्षांत मुख्य इमारत उभी, त्या काळात हे फारच फास्ट. रस्तेही आखून काढले, १२२७ ला राजाची सनद मिळाली. गंमत म्हणजे पाया जेमतेम चार फूट! खाली खडी आणि पाणी, म्हणून आजही फरशीतल्या भोकातून काठी घालून पाणी किती आहे ते बघतात. आणि त्यावर १२३ मीटरचा कळस, तोही नंतर चढवलेला, थोडा कललाय पण उभा आहे.

आणि वरचं गाव? ओस पडलं, तरी १८३२ पर्यंत तिथून दोन खासदार जायचे पार्लमेंटात, मतदार मोजून हाताच्या बोटांवर. ती जागा थॉमस पिट याने विकत घेतलेली, जो पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर झाला, तोच तो भारतातून मोठा हिरा नेणारा हिरेवाला पिट.